छातीच्या व्यायामासाठी डंबेल की रॉड? निवड स्नायूंपेक्षा परिस्थितीवर अवलंबून

सोमवारी संध्याकाळी पणजी, मडगाव किंवा म्हापशातील एखाद्या व्यायामशाळेत डोकावले, तर बेंच प्रेसच्या बाकापाशी थांबलेली मंडळी हमखास दिसतात. आठवड्याचा पहिला दिवस छातीचा, हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. पाळला मात्र तो कसोशीने जातो. वाट पाहून कंटाळलेला एखादा नवखा तरुण अखेर डंबेल्सची जोडी उचलतो आणि रिकाम्या बाकावर आडवा होतो. व्यायाम सुरू होतो, पण मनात शंका राहते. रॉडवर जे कमावता येते ते डंबेलने मिळेल का, की ही केवळ तडजोड? शेजारचा अनुभवी गडी सांगतो, ‘रॉडशिवाय छाती भरत नाही.’ दुसरा सांगतो, ‘रॉडने ताकद येते, आकार डंबेलनेच येतो.’ दोन्ही वाक्ये इतक्या आत्मविश्वासाने उच्चारली जातात की त्यांची शहानिशा करण्याचे कुणाला सुचत नाही.

शहानिशा केली तर चित्र बरेच निराळे दिसते. छातीच्या स्नायूला हातात रॉड आहे की डंबेल, याचे फारसे सोयरसुतक नसते. खरा फरक पडतो तो खांद्याला, वजन वाढवण्याच्या वेगाला आणि सर्वांत अधिक म्हणजे शेवटचे आवर्तन फसले तर पुढे काय होते, या प्रश्नाला.

बारबेल, म्हणजे आपल्या व्यायामशाळांतील ‘रॉड’, हे दोन्ही हातांनी मिळून पेलायचे एकच साधन. स्पर्धेतील पुरुषांचा प्रमाणित रॉड सुमारे २.२ मीटर लांब आणि २० किलो वजनाचा असतो. वेटलिफ्टिंगमधील महिलांचा रॉड १५ किलोचा. डंबेल प्रत्येक हातात स्वतंत्र. या शब्दाची जन्मकथा मोठी गमतीची सांगितली जाते. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये चर्चची घंटा वाजवण्यास लागणाऱ्या ओढीसारखी ओढ देणारे, पण घंटा नसलेले साधन व्यायामासाठी वापरले जाई. ती ‘मुकी घंटा’ पुढे हातात मावणाऱ्या वजनाचे नाव होऊन बसली. आपल्याकडच्या तालमीत छाती कमावण्याचे काम जोर करीत, आणि खांदे व दंड घडवण्याचे काम करेला व मुद्गल. पाठीवर आडवे होऊन वजन वर ढकलण्याची पद्धत तुलनेने नवी आहे. रॉड ठेवायला खांब असलेला बाक विसाव्या शतकाच्या मध्यास रुळू लागला. त्यापूर्वीचे मल्ल जमिनीवर निजूनच वजन ढकलत असत.

छातीचा मुख्य स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, पंख्याच्या आकाराचा असतो. गळ्याखालच्या आडव्या हाडापासून, छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांच्या कूर्चांपासून निघालेले त्याचे तंतू एकवटत जाऊन दंडाच्या हाडाला वरच्या बाजूस चिकटतात. दंड बाजूने समोर आणि शरीराच्या मध्याकडे ओढणे हे त्याचे प्रमुख काम. वजन वर ढकलताना खांद्याचा पुढचा भाग त्याला साथ देतो आणि दंडामागचा ट्रायसेप्स कोपर सरळ करतो. साधन कोणतेही घेतले तरी काम करणारी मंडळी हीच.

नॉर्वेतील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात वारंवार उद्धृत होतो. व्यायामाची सवय असलेल्या १२ पुरुषांकडून त्यांनी तीन प्रकारे वजन ढकलून घेतले: खांबांत अडकवलेल्या रॉडच्या स्मिथ मशीनवर, मोकळ्या रॉडने आणि डंबेल्सनी. स्नायूंतील विद्युत-हालचाल त्वचेवर लावलेल्या पट्ट्यांनी मोजण्यात आली. डंबेल्सनी एका वेळी उचलता आलेले कमाल वजन रॉडपेक्षा सुमारे १७ टक्के कमी भरले. म्हणजे रॉडवर ६० किलो हे ज्याचे शिखर, त्याला डंबेल्सवर दोन्ही हातांचे मिळून साधारण ५० किलोवर थांबावे लागेल. मात्र वजन कमी असूनही छाती आणि खांद्याच्या पुढच्या भागाची हालचाल तिन्ही प्रकारांत जवळपास सारखीच नोंदली गेली. फरक आढळला तो दंडात. डंबेल वापरताना ट्रायसेप्सचे काम घटले, बायसेप्सचे वाढले. बारा जणांच्या अभ्यासावर शास्त्र उभे राहत नाही, हे खरे; पण त्याचा निष्कर्ष यंत्रशास्त्राच्या साध्या नियमांशी जुळतो, म्हणून तो पटतो.

नियम असा. डंबेलचे वजन नेहमी सरळ खाली ओढते. ते तळहातावर तोलून धरायचे तर मनगटाखाली कोपर असणे, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जवळजवळ उभा असणे भाग पडते. तो आत झुकला तर डंबेल चेहऱ्याकडे येईल, बाहेर झुकला तर हात बाजूला कोसळेल. हात उभा राहिला की कोपरावर पडणारा ताण अल्प होतो आणि ट्रायसेप्सला करण्यासारखे फारसे उरत नाही. रॉडवर तसे नसते. तळहात रॉडवर घट्ट रोवलेले असतात आणि त्यांना सरकता येत नाही, त्यामुळे व्यायाम करणारा नकळत रॉडला केवळ वर नव्हे, तर बाहेरच्या दिशेनेही रेटत असतो, जणू तो मधून ताणून लांब करायचा आहे. या बाहेरच्या रेट्यामुळे ट्रायसेप्सला कामात उतरता येते. रॉडवर अधिक वजन निघते, त्यात या मदतीचा मोठा वाटा आहे. तोल सांभाळण्याचे कष्ट कमी, हे दुसरे कारण. थोडक्यात, रॉडवरचे जादा किलो छातीने एकटीने कमावलेले नसतात.

डंबेलच्या बाजूने सांगितला जाणारा एक मुद्दाही तपासून घ्यावा असा आहे. वर गेल्यावर डंबेल्स एकमेकांजवळ आणता येतात, त्यामुळे छाती ‘पूर्ण आवळली’ जाते, असे म्हणतात. हात मध्याकडे येतात हे खरे. पण त्या क्षणी दोन्ही हात उभ्या खांबांसारखे असतात आणि वजन सरळ हाडांवरून खाली उतरते. छातीच्या स्नायूवर तिथे भार जवळपास उरतच नाही. वर पोहोचल्यावर डंबेल्स एकमेकांवर आपटून टणत्कार करण्याची जी प्रथा आहे, तिने आवाजाखेरीज काही साधत नाही. डंबेलचा खरा लाभ खालच्या टोकाला आहे. रॉड छातीला टेकला की प्रवास संपला. डंबेल्स मात्र छातीच्या दोन्ही बाजूंनी आणखी थोडे खाली जाऊ शकतात. ताणलेल्या अवस्थेत स्नायूवर भार असणे त्याच्या वाढीस पोषक ठरते, असे संकेत अलीकडच्या अभ्यासांतून मिळत आहेत. अर्थात ज्यांचा खांदा तेवढे खाली जाण्यास राजी आहे, त्यांनाच हा लाभ.

स्नायूची वाढ आणि ताकदीची वाढ या एकमेकींच्या बहिणी असल्या तरी जुळ्या नव्हेत. स्नायू वाढण्यासाठी आठवड्याभरात पुरेसे सेट व्हावेत आणि प्रत्येक सेट थकव्याच्या जवळ नेलेला असावा, एवढे पुरते. मग वजन जड आणि आवर्तने सहा असोत, की वजन मध्यम आणि आवर्तने पंधरा. ताकद मात्र ज्या हालचालीचा सराव करावा त्या हालचालीत वाढते. ज्याला पॉवरलिफ्टिंगच्या मंचावर उतरायचे आहे त्याला रॉडला पर्याय नाही. तिथे रॉड छातीवर पूर्ण स्थिर करावा लागतो, पंचांचा आदेश मिळाल्यावरच तो वर ढकलता येतो आणि पुन्हा आदेश मिळाल्यावरच खांबांवर ठेवता येतो. दिव्यांगांच्या पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये तर बेंच प्रेस हा एकच प्रकार असतो. २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये राजिंदरसिंग रहेलू यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुधीर यांनी २१२ किलो वजन उचलून सुवर्णपदक पटकावले, ते याच एका हालचालीच्या बळावर. ही वाट ज्याची आहे त्याने डंबेलकडे पूरक व्यायाम म्हणूनच पाहावे.

व्यायामशाळेत जाणाऱ्या बहुसंख्यांची ही वाट नसते. त्यांना छाती भरावी, कपडे अंगावर शोभावेत, चाळिशीनंतर गॅसचा सिलिंडर हलवताना दम लागू नये, एवढेच हवे असते. त्यांच्यासाठी पुढचा व्यावहारिक प्रश्न अधिक मोलाचा ठरतो: वजन किती सावकाश वाढवता येते?

इथे रॉडची सरशी होते. प्रत्येक बाजूला सव्वा किलोची प्लेट चढवली की एकूण अडीच किलो वाढतात. ४० किलोवरून ४२.५ किलोवर जाणे म्हणजे सहा टक्क्यांची वाढ. ती सहसा अंगवळणी पडते. डंबेल्सच्या खणात अनेकदा अडीच-अडीच किलोंच्याच पायऱ्या असतात, आणि प्रत्येक हाताला एक पायरी चढावी लागते. १५ किलोंच्या जोडीवरून साडेसतरा किलोंच्या जोडीवर जाणे म्हणजे एकदम सुमारे सतरा टक्क्यांची उडी. कालपर्यंत बारा आवर्तने सहज करणारा माणूस नव्या जोडीवर सातव्यालाच अडकतो आणि आपली ताकद घटली असे समजून खट्टू होतो. ताकद घटलेली नसते, पायरी उंच असते. यावर उपाय आहे. वजन तेच ठेवून आवर्तने आठवरून बारापर्यंत, वाटल्यास पंधरापर्यंत न्यावीत. तिन्ही सेट त्या संख्येने पूर्ण होऊ लागले की मगच पुढची जोडी उचलावी. वाट लांबची आहे, पण चुकणारी नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्या अनेक महिलांच्या आणि किशोरवयीन मुलांच्या बाबतीत तर रिकामा रॉडच जड जातो. २० किलोंचा रॉड कसाबसा ढकलून शैली बिघडवण्यापेक्षा चार-पाच किलोंची डंबेल्स घेऊन हालचाल नीट शिकणे केव्हाही श्रेयस्कर. तत्पूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार येतो. ७० किलोंच्या माणसाला तो ४५ किलोंच्या आसपास पडतो. पाठ न मोडता, छाती जमिनीलगत नेऊन पंधरा पुश-अप काढता येत नसतील, तर डंबेल की रॉड हा वाद काही आठवडे लांबणीवर टाकायला हरकत नाही. तोवर जमीनच पुरेशी आहे.

आता खांद्याकडे वळू. शरीरातील सर्वांत मोकळा सांधा हा, आणि म्हणूनच सर्वांत नाजूक. रॉड हातात आला की तळहातांची दिशा आणि दोन हातांतील अंतर ठरून जाते. खालीवर होताना खांद्याला आपली सोयीची वाट शोधता येत नाही. पुष्कळ जण रॉड फार रुंद धरतात आणि कोपरे थेट बाजूला, शरीराशी काटकोन करून पसरतात. अशाने खांद्याच्या पुढच्या भागावर आणि वरच्या टोकाच्या छोट्या सांध्यावर ताण साचत जातो. हातांतील अंतर खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीपेक्षा अधिक नसावे आणि कोपरे शरीराशी साधारण ४५ ते ७० अंशांच्या कोनात असावीत. डंबेल्सवर ही सूट आपोआप मिळते. तळहात समोरासमोर ठेवावेत, तिरके ठेवावेत वा हालचालीत थोडे वळू द्यावेत. दुखऱ्या खांद्याला जे मानवेल ते करावे. रॉडने खांदा ठणकतो पण डंबेलने ठणकत नाही, असे सांगणारे अनेक जण भेटतात, त्याचे कारण हेच. मात्र डंबेलनेही दुखत असेल तर साधन बदलत बसू नये; डॉक्टरांकडे जावे.

डावा-उजवा भेदही डंबेल्स उघडा पाडतात. रॉडवर बळकट हात दुबळ्या हाताचा वाटा उचलतो आणि ते महिनोन्‌महिने ध्यानातही येत नाही. डंबेल हातात घेतले की पहिल्याच सेटमध्ये डावा हात थरथरू लागतो. अशा वेळी सेट दुबळ्या हाताच्या मर्यादेवर थांबवावा, बळकट हाताच्या हौसेवर नव्हे.

छातीच्या स्नायूचा कंडरा तुटणे ही बेंच प्रेसमधील गंभीर इजा आहे. ती प्रामुख्याने वीस ते चाळीस वयाच्या पुरुषांत आढळते आणि बहुधा जड रॉड खाली येत असताना होते. स्नायू पूर्ण ताणलेला असतो आणि त्याच वेळी त्याला भार रोखून धरायचा असतो. काही जणांना ‘कट्’ असा आवाज जाणवतो, नंतर काख आणि दंड काळानिळा पडतो, छातीची एक बाजू बसल्यासारखी दिसते. ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून मलम चोळत बसण्यात दिवस दवडू नयेत. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती पहिल्या काही आठवड्यांत झालेली बरी असते, उशिराने ती अवघड होते. रॉड छातीवर आदळू देऊन उसळीने वर नेण्याची सवय या इजेला निमंत्रण देते.

याहून मोठा धोका मात्र स्नायूचा नाही. एकट्याने व्यायाम करताना शेवटचे आवर्तन अर्ध्यावर अडकते आणि रॉड छातीवर किंवा गळ्यावर येऊन बसतो. खाली बाक, वर लोखंड. निसटायला जागा नाही. गळ्यावर रॉड पडून माणसे दगावल्याच्या घटना जगात घडल्या आहेत, आणि त्यांत एकट्याने, अनेकदा घरी व्यायाम करणारेच सापडतात. पहाटे साडेपाचला व्यायामशाळा उघडताच येणारा, किंवा फ्लॅटच्या बाल्कनीत बाक मांडून बसलेला माणूस याच परिस्थितीत असतो. डंबेल आणि रॉड यांच्या निवडीत या एका गोष्टीपुढे बाकी सर्व मुद्दे गौण ठरतात. मागे कुणी उभे नसेल आणि बाकाच्या दोन्ही बाजूंना सुरक्षेचे आडवे दांडे नसतील, तर थकव्यापर्यंत जाणारा सेट रॉडवर करूच नये. डंबेल्स घ्यावेत. ते अडले तर हात वाकलेले ठेवून दोन्ही बाजूंनी खाली सोडता येतात. गळा मोकळा राहतो.

रॉडच वापरायचा असेल तर काही पथ्ये सक्तीची मानावीत. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला हवा. अंगठा न गुंडाळता रॉड नुसता तळहातावर ठेवण्याची पद्धत काही जुन्या शरीरसौष्ठवपटूंना प्रिय आहे, पण घामाने ओला झालेला हात आणि गुळगुळीत झालेला रॉड एकत्र आले की तो निसटायला क्षणही लागत नाही. गोव्याच्या दमट हवेत तर हा इशारा दुप्पट लागू आहे. पॉवर रॅक उपलब्ध असेल तर आडवे दांडे अशा उंचीवर लावावेत की पाठ कमान करून झोपल्यावर रॉड छातीला टेकेल, पण पाठ सपाट केली तर तो दांड्यांवर विसावेल. रॅक नाही आणि रॉड अडकलाच, तर तो गळ्याकडे न ढळू देता पोटावरून मांड्यांकडे घरंगळवत नेऊन उठून बसावे. हा मार्ग वेदनादायी आहे आणि हलक्या वजनातच शक्य आहे; पण जीव वाचतो. एकटे असताना प्लेटांना क्लिप न लावण्याचा सल्ला काही अनुभवी देतात, जेणेकरून रॉड एका बाजूला कलवून प्लेटा खाली पाडता येतील. तो शेवटचा पर्याय आहे; दुसऱ्या टोकाचे वजन त्या क्षणी उलट बाजूला जोरात फेकले जाते, हे विसरू नये.

मदतनीस असला म्हणजे सारे निभावले असेही नाही. आपल्याकडे ‘सपोर्ट’ देणारा बहुधा पहिल्या आवर्तनापासूनच रॉडला हात लावून बसतो आणि ‘तुझंच आहे, तुझंच आहे’ असे ओरडत अर्धे वजन स्वतः उचलतो. त्यात एकाची छाती आणि दुसऱ्याची पाठ असा दुहेरी व्यायाम घडतो, वहीत मात्र आकडा एकाच्याच नावावर चढतो. सेट सुरू करण्यापूर्वी दोघांत तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत: किती आवर्तने करायची, खांबांवरून रॉड काढताना हात लावायचा का, आणि रॉड नेमका केव्हा धरायचा. वर जाणारा रॉड थांबला किंवा खाली येऊ लागला की धरायचा, त्याआधी नाही. डंबेल्स असतील तर मदतनिसाने कोपरांना नव्हे, मनगटांना आधार द्यावा. कोपराखाली हात दिला तर डंबेल आत कलंडून तोंडावर येऊ शकते.

डंबेल निर्धोक आहेत, अशी समजूतही करून घेऊ नये. त्यांचा धोका सेटच्या मध्ये नसून सुरुवातीला आणि शेवटी असतो. पंचवीस-तीस किलोंची जोडी जमिनीवरून उचलून छातीपर्यंत न्यायची कशी, हे कुणी शिकवत नाही. बाकाच्या टोकाशी बसावे, डंबेल्स मांड्यांवर उभे टेकवावेत, मागे झोपत असताना एकेका गुडघ्याच्या हलक्या धक्क्याने ते खांद्यांपाशी आणावेत. सेट संपल्यावर गुडघे पोटाकडे घेऊन डंबेल्स मांड्यांवर टेकवावेत आणि त्यांच्याच भाराने झुलत उठून बसावे. हात सरळ बाजूला पसरून जड डंबेल्स जमिनीकडे सोडण्याची जी घाई केली जाते, तीत खांदा निखळण्याची भीती असते. शिवाय जोडी एका मर्यादेपलीकडे जड झाली की ती जागेवर आणण्यातच पहिल्या दोन-तीन आवर्तनांची शक्ती खर्ची पडते. तिथे रॉडचे खांब पुन्हा उपयोगी वाटू लागतात.

बाक तिरका केला, म्हणजे पाठीकडून सुमारे ३० अंश उचलला, तर छातीच्या वरच्या तंतूंवर अधिक भार येतो. या प्रकारात तिरक्या बाकाचे खांब बऱ्याच ठिकाणी चुकीच्या उंचीवर असतात आणि रॉड काढतानाच खांदा ताणला जातो. त्यामुळे तिथे डंबेल्सना झुकते माप द्यावे. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी कोणतेही साधन घेतले तरी श्वास कोंडून जड वजन ढकलणे टाळावे. ढकलताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा, वजन पंधरा आवर्तने होतील इतपत ठेवावे आणि सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. त्या रोखलेल्या श्वासात रक्तदाब क्षणभर बराच वर उसळतो.

घरी सामान घ्यायचे असेल तर हिशेब आणखी बदलतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त संचात प्लास्टिकच्या आवरणाच्या प्लेटा, दोन लहान डंबेल रॉड आणि एक तीन फुटी रॉड असतो. हा तीन फुटी रॉड दंडाच्या व्यायामाला ठीक. बेंच प्रेसच्या खांबांवर तो नीट टेकतसुद्धा नाही. योग्य रॉड, भक्कम बाक आणि सुरक्षेचे दांडे यांचा खर्च आणि जागा दोन्ही मोठ्या, आणि फ्लॅटमध्ये खाली राहणाऱ्या शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. प्लेटा बदलता येणारी डंबेल्सची एक चांगली जोडी आणि पाठ तिरकी करता येणारा बाक, एवढ्यावर घरातला छातीचा व्यायाम कित्येक वर्षे चालू शकतो. फक्त टोकाचे पेचाचे लॉक प्रत्येक सेटपूर्वी हाताने आवळून पाहावेत. चेहऱ्यावर धरलेल्या डंबेलची प्लेट सुटणे ही चेष्टा नव्हे. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडाला गंज लवकर चढतो. पावसाळ्यात वापर झाल्यावर घाम कोरड्या फडक्याने पुसून पेचांवर तेलाचा हलका हात फिरवला नाही, तर गणपतीपर्यंत लॉक फिरेनासे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मुख्य स्नायूंचा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. त्या दोन दिवसांत दोन्ही साधनांना सहज जागा मिळते: एका दिवशी मदतनीस असताना रॉडवर पाच-सहा आवर्तनांचे जड सेट, दुसऱ्या दिवशी एकट्याने डंबेल्सवर दहा-बारा आवर्तनांचे. ज्याला एकच निवडायचे आहे आणि ज्याच्या मागे नेहमी कुणी असेलच असे नाही, त्याने डंबेल्स निवडावेत. सोमवारी संध्याकाळी थांबून राहिलेल्या तरुणालाही खरे तर हेच सोयीचे आहे. त्याने सोमवार डंबेल्सना द्यावा आणि रॉड गुरुवारी धरावा. गुरुवारी बाक रिकामा असतो आणि मागे उभे राहायला प्रशिक्षकालाही सवड असते.